सोडावाल्याच्या घरचा ढेकर

महागावच्या बाजारात खेमसिंगचा सोडा पेला नाही असा माणूस मले दाखवा, मी त्याले माह्या पैशानं पाजते. हिरवी गोटीची बाटली, वरून लिंबू, चिमूटभर काळं मीठ, अन् अंगठ्यानं गोटी खाली दाबली की टॉक. गिऱ्हाईक पेत राह्यते अन् खेमसिंग त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राह्यते. ढेकर आला की त्याचा चेहरा खुलते. नाही आला त म्हणते, "थांबा पाटील, गाडी स्टँडातून निघाली हाये, येऊनच राह्यली." अन् येतेच. कोणाचा ढेकर मटणाचा, कोणाचा नुसत्या चिंतेचा, हे मले आवाजावरून समजते असं तो सांगते. मी त्याले तोंडावर म्हटलं की तुमी थापा मारता. त म्हणे, "ताई, थापेले बी गॅस लागतेच ना."

मी दीपा. तांड्याची आशा. म्हणजे सरकारी दवाखान्याची गावातली बाई. पोटुशी बाईचं नाव लावायचं, बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारायच्या, लेकराचं वजन करायचं, अन् सगळं करून वरून लोकायचे बोलणे खायचे. माहं घर नाल्याच्या अलीकडे, खेमसिंगचा तांडा पलीकडे. माह्या सासूच्या मते माह्या जिभेले हाड नाही. असू दे. हाड असलेल्या जिभेनं हे काम होत नाही.

तर हा खेमसिंग. अंगानं काटकुळा, मिशा मात्र दोन माणसायच्या. गोट्या दाबून दाबून उजवा अंगठा पसरट झालेला. जवानीत उमरखेडच्या एका म्हाताऱ्याजवळून चाकाची जुनी सोडा-मशीन घेतली, बैलगाडीत घालून आणली, अन् तेव्हापासून ती मशीन घराच्या पहिल्या खोलीत ठाण मांडून बसेल हाये. घर दोनच खोल्यायचं. पहिल्या खोलीत खेमसिंग अन् मशीन, मागच्या खोलीत बाकीचा संसार. त्याची बायको जमनाबाई म्हणते, "माही सवत हाये ती. माह्याहून जास्त तेल तिलेच मिळते."

जमनाबाईचा एक नेम साऱ्या तांड्याले माहीत होता. ती वांगं खात नव्हती. लग्नात नाही, भंडाऱ्यात नाही, कुठीच नाही. पंगतीत वांग्याची बादली आली की पत्रावळीवर हात आडवा. आपल्या इकडे वांग्याच्या भाजीबिगर पंगत उठते काय? खेमसिंगले तेवढंच पुरे. दर बाजारी घरून निघताना तिले ऐकू जाईन असं म्हणे, "आज किलोभर वांगे आणू काय वो?" ती भांडे आपटे. तो हसत हसत निघून जाय. इतक्या वर्षांत हा खेळ एकही बाजार चुकला नसन.

मागच्या हिवाळ्यात त्यायच्या घरी नातू झाला. पोरगा लखन हार्वेस्टरवर ड्रायव्हर, सदा परमुलखात. सून उज्ज्वला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण तिच्या माहेरचे सारे ऊसतोडीले गेलते. म्हणून इथंच झालं. उज्ज्वला म्हणजे खाऊन-पिऊन मोकळी पोरगी. ज्वारीची भाकर, भरल्या वांग्याची भाजी अन् मिरचीचा ठेचा असला की तिले दुसरं सुख लागत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा जमनाबाईच्या घरात वांगं शिजत नाही हे ऐकून तिनं लखनले विचारलं होतं, "मंग तुमी लोक जगता कायच्या भरवशावर?"

पोट्टं जन्मलं ते चांगलं गुटगुटीत. पण दूध पेलं की थोड्या वेळानं पाय पोटाशी घेऊन जे रडे, की नाल्यापलीकडे माह्या घरी ऐकू येई. पोट डफावानी टणक. तोंड लालबुंद. मंग जमनाबाईनं निदान केलं. दूध वायलं, म्हणजे बाधणारं. सून काहीतरी वातुळ खाते, ते दुधात उतरते, अन् लेकराच्या पोटात गोळा उठते.

मंग सुरू झालं पथ्य. पहिल्यांदा वांगं बंद, ते त होतंच बंद. मंग हरभऱ्याची भाजी. मंग तुरीचं वरण. शेजारची मानीबाई बाळ पाहाले आली, तिनं जाता जाता ताक बंद केलं. दुसरी आली, तिनं केळ बंद केलं. कोणी म्हणे तेल नको, कोणी म्हणे ठेच्याचं नाव काढू नको. बाळ पाहाले येणारी प्रत्येक बाई बाळाच्या हातावर नोट ठेवे अन् मायच्या ताटातून एक जिन्नस उचलून नेई. शेवटी उज्ज्वलाच्या ताटात उरलं काय? मऊ भात, मुगाचं पातळ पाणी अन् उपदेश. उपदेश तेवढा पोटभर.

मी गेली की उज्ज्वला माह्याकडे असं पाहे, जसं मी पिशवीत भाकर घेऊनच आली. मी जमनाबाईले सांगतलं, "बाई, पाजणाऱ्या मायले दोन घास जास्त लागतात. हिले उपाशी ठेवसान त दूध आटन."

"आमी काय लेकरं वाढवले नाही काय?" जमनाबाई म्हणाली. तिच्याजवळ हे एक हत्यार होतं अन् ते कधी बोथट होत नव्हतं.

पण खरा घोळ ताटात नव्हता. तो मी माह्या डोळ्यानं पाह्यला. त्यायच्यात सून सासऱ्यासंग सरळ बोलत नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. हिवाळ्यात सोडा कमी चालते, म्हणून खेमसिंग घरीच जास्त. पहिल्या खोलीत बसून बाटल्या धू, गोट्या मोज, मशीनचं चाक फिरव, असं त्याचं चाले. मधात दाराच्या नावानं नुसती चौकट. मंग उज्ज्वला पाजाले बसे ती भिंतीकडे तोंड करून, लेकराच्या डोक्यावर दुहेरी पदर झाकून, अन् कान सासऱ्याच्या चाहुलीकडे. पदराखाली लेकराचं तोंड कुठी हाये हे तिले स्वतःलेच दिसत नव्हतं. पोट्ट्याच्या तोंडात नुसतं टोक जाय. ते चुटुक चुटुक वाजवत ओढे, दुधासंग तेवढाच वारा गिळे. तितक्यात बाहेर मशीन खडखडे, ही दचके, लेकरू सुटे, रडे, पुन्हा लावे. दर वेळी नवा वारा.

त्यात जमनाबाईचा आणखी एक कायदा. लेकराले भूक पक्की लागू द्यायची. "रडल्याशिवाय माय बी पाजत नाही," ती म्हणे. अव, ती म्हण मागणाऱ्यासाठी हाये, पाजणारीसाठी नाही. लेकरू आधी मनसोक्त रडते, रडता रडताच अर्धं पोट वाऱ्यानं भरते, अन् मंग वरून दूध. पाजून झालं की लगेच पाळण्यात आडवं. वारा निघन कुठून?

मी जमनाबाईले हे सारं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "पदर काढला त नजर लागन."

आता घरात सोडावाला, साऱ्या तालुक्याचा वारा काढणारा, अन् त्याच्याच नातवाच्या पोटातला वारा निघत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खेमसिंगले याची लाज वाटे. बाजारात लोक विचारत, नातू कसा हाये, त तो बाटली खालीवर करत राहे.

सून उपाशी हाये हे त्याले समजत होतं. पण तिच्याशी बोलणार कसा? तर त्यायच्या घरात त्याचा रस्ता ठरलेला. बाळ मधात घ्यायचं. खेमसिंग चौकटीजवळ उभा राहून पाळण्याकडे तोंड करून म्हणे, "अरे छोऱ्या, तुह्या मायले विचार, दवाखान्याच्या गोळ्या घेतल्या काय?" अन् उज्ज्वला पदराआडून बाळालेच सांगे, "सांग तुह्या आज्याले, घेतल्या म्हणा." पोट्टं काय सांगते, ते आपलं रडून राह्यलं. पण टपाल पोचे.

एका बाजाराच्या दिवशी खेमसिंग घरी आला तो जरा जास्तच गंभीर. सोड्याची लाकडी पेटी त्यानं चौकटीपाशी ठेवली अन् पाळण्याले म्हटलं, "छोऱ्या, तुह्या मायले सांग, या पेटीत खालच्या बाटल्यायले वांग्याचा वास येऊन राह्यला. जरा पाहून घे म्हणा." जमनाबाई तेव्हा पाण्याले गेलती. उज्ज्वलानं बाटल्या बाजूले केल्या. खाली कागदात बांधलेली ज्वारीची भाकर, महागावच्या खानावळीतली भरल्या वांग्याची भाजी अन् एक कांदा. ती मले नंतर सांगत होती की ताई, मी चावली बी नाही, सरळ गिळली.

झालं. त्या दिवशी संध्याकाळी पोट्टं नेहमीवानीच रडलं. नेहमीवानीच, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण जमनाबाईले न्हाणीच्या मोरीजवळ वांग्याचं देठ सापडलं. दुसऱ्या दिवशी मी गेली त ते देठ तिनं चोर पकडल्यावानी चिमटीत धरून माह्या नाकासमोर नाचवलं. "पाह्य. हा पुरावा. खाल्लं अन् रडलं. आता बोल."

खेमसिंग मशीनमागे लपून चाकाले तेल देत होता. त्या चाकाले त्या दिवशी जितकं तेल मिळालं तितकं साऱ्या हिवाळ्यात मिळालं नसन. भलं कराले गेला अन् सुनेचं ताट आणखी लहान करून बसला. आता मुगाच्या पाण्यातलं मीठ बी कमी झालं.

मंग त्याले दुसरी अक्कल सुचली. मले अंगणात गाठून हळूच म्हणे, "ताई, सोड्याचा एकच थेंब बोटावर घेऊन चाटवला त? पोट्ट्याचा गोळा फटकन मोकळा होईन."

माहा पारा चढला. "खेमसिंगभाऊ, सहा महिने त्याच्या पोटात पाण्याचा थेंब जायचा नाही, अन् तुमी सोडा पाजता? असं काही केलं त तुमची मशीन मी नाल्यात ढकलीन." तो मिशा खाजवाले लागला. मंग मले जरा कीव आली. त्याच्याच पेटीतली अर्धी भरलेली बाटली मी उचलली. उभी धरली. "वारा कुठी हाये?"

"वर, गोटीजवळ."

"अन् आता?" मी बाटली आडवी केली. "आता तोंडाशी काय हाये?"

"पाणी."

"मंग आडव्या लेकराचा वारा निघन कसा? त्याच्या वाटेत दूध उभं हाये. जोर केला त वाऱ्याच्या आधी दूधच बाहेर पडते. उभं धरा, खांद्यावर घ्या, पाठीवरून हात फिरवा. वारा आपोआप वर येते."

खेमसिंगनं बाटली माह्या हातातून घेतली. मंग दोन्ही हातांनी बाटली खांद्यावर घेऊन थोपटाले लागला. माणूस शहाणा, पण नाटकी. जमनाबाईनं ओट्यावरून हे पाह्यलं. "माह्या नातवाले सोड्याची बाटली समजले काय दोघं?" ती म्हणाली. "बाटलीच पाहिजे ना? मंग बाटलीच येईन. लखनले फोन केला मी. या वायल्या दुधापेक्षा डब्याचं बरं."

हे ऐकून मात्र मी घाबरली. खरं सांगते. डब्याचं दूध सुरू झालं की लेकरू अंगावर कमी ओढते, कमी ओढलं की दूध कमी येते, अन् मंग सासू म्हणाले मोकळी की पाहा, आटलंच. उज्ज्वला माह्यामागं दारापर्यंत आली. "ताई," तिनं विचारलं, "माह्या दुधात खरंच खराबी हाये काय?" तिच्या डोळ्यात पाणी होतं. मी तिले म्हटलं, नाही. पण माह्या एकटीच्या नाहीले तिथं कोण विचारते?

लखन आला, डबा अन् बाटली ठेवून, पोराचा मुका घेऊन दुसऱ्याच दिवशी हार्वेस्टरवर गेला. मी पोचली तेव्हा जमनाबाईनं बाटलीचा कार्यक्रम मांडला होता. मानीबाई अन् तांड्याच्या आणखी चारदोन बाया पाहाले आलेल्या, जसं काय नवा ट्रॅक्टर आला. उज्ज्वला कोपऱ्यात हात बांधून बसेल. तिच्या छातीवर ओल दिसत होती. भुकेल्या लेकराच्या आवाजानं तिले पान्हा फुटत होता, अन् लेकरू दुसरीच्या मांडीवर.

"बाटली उकळली काय?" मी विचारलं.

"उकळली, उकळली. अन् रबरी बुचातून दूध बारीक येत होतं, म्हणून सुई तापवून भोक मोठं केलं," जमनाबाईनं कौतुकानं सांगतलं.

मी कपाळावर हात मारला. तोवर तिनं लेकराले मांडीवर सपाट आडवं घेतलं, बाटली बी आडवी, बुचात अर्धं दूध अर्धा वारा, अन् भोकातून धार. पोट्टं बिचारं गटागटा गिळत होतं, गिळता गिळता ठसकत होतं, नाकातून दूध येत होतं. "पाहा कसं पेते," मानीबाई म्हणाली. बाटली रिकामी झाली. बाटलीच्या शेवटी नुसता वारा होता, तोही त्यानं इमानदारीनं ओढला. जमनाबाईनं विजयी मुद्रेनं त्याले पाळण्यात ठेवलं.

अन् मंग ते रडलं. आजपर्यंतचं रडणं म्हणजे रंगीत तालीम होती असं. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, पोट फुगून बाटलीच्या बुडावानी. जमनाबाई झोका देई, पोट चोळे, पाय हलवे. बाया एकमेकीकडे पाहू लागल्या. मानीबाई सवयीनं म्हणाली, "सुनेनं काही खाल्लं असन."

तेव्हा खेमसिंग चौकटीत येऊन उभा राह्यला. तोंड पाळण्याकडे. आवाज एकदम साधा, जसा गिऱ्हाइकाले विचारते की लिंबू टाकू काय.

"छोऱ्या," तो म्हणाला, "तुह्या आजीले एक विचार. या बाटलीनं काल वांगं खाल्लं होतं काय?"

पदराआडून उज्ज्वला फस्सकन हसली. मंग मानीबाई. मंग साऱ्या बाया पदर तोंडाशी धरून अशा हसल्या की पाळणा हलाले लागला. मी बी हसली, काहून खोटं बोलू? एक बाई म्हणे, "हो व माय, बाटलीचं पथ्य चुकलं."

जमनाबाई हसली नाही. मले वाटलं, आता मशीन बाहेर पडते. पण ती पाळण्याजवळ खाली बसली. लेकराकडे पाहे, बाटलीकडे पाहे. अन् मले विचारलं, आवाज असा बारीक की मी कधी ऐकला नव्हता, "दीपा, मंग वांग्यानं नाही होत हे?"

"नाही."

"कधीच नाही?"

"वांग्यानं नाही होत, बाई. वाऱ्यानं होते."

"मंग माह्या पोरीले काय झालतं?"

हसणं जागच्या जागी थांबलं. तांड्यातल्या जुन्या बायायले तेवढं माहीत असन, मले नव्हतं. लखनच्या आधी जमनाबाईले एक पोरगी झालती. नाव ठेवायच्या आधीच गेली. जमनाबाईनं सांगतलं ते असं जमिनीकडे पाहत. एका लग्नात तिनं पोटभर वांग्याची भाजी खाल्ली. नवी बाळंतीण, भुकेली. त्याच्यानंतर पोरगी तापली, रडाले लागली, मंग रडणं बी बंद झालं, नुसत्या पसल्या उडत होत्या. अन् तिची सासू म्हणाली, तुह्या जिभेनं खाल्लं तिले.

"ताप होता? श्वास जोरजोरात चालत होता?" मी विचारलं.

"हो."

"मंग तिची छाती भरली होती, बाई. तो छातीचा आजार हाये. आज तसं झालं असतं त लेकराले उचलून दवाखान्यात पळालो असतो. वांग्यानं पसल्या उडत नाहीत. तुमी काहीच केलं नव्हतं."

हे सांगताना मी तिच्याजवळ सरकून बसली.

खेमसिंग चौकटीतच उभा होता. मिशा एवढ्या, पण तोंड लहान झालेलं. "वांग्याचं हे मले त कधी सांगतलं नाही तू," तो म्हणाला.

"तुमी कधी विचारलं?" जमनाबाई म्हणाली. "तुमी दर बाजारी हसत होते."

 खेमसिंग चौकटीतच खाली बसला.

लेकरू मात्र रडतच होतं, त्याले कोणाच्या दुःखाशी काय घेणं? मी ते उचललं अन् जमनाबाईच्या खांद्यावर देल्लं. उभं. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर, तिचा हात त्याच्या पाठीवर. "हळूहळू थोपटा, अन् घाई करू नका." ती थोपटत राह्यली. बाया श्वास धरून. मंग त्या एवढ्याशा देहातून असा ढेकर निघाला की बाजारातल्या कोण्या पाटलाची काय बिशाद. संगं पावशेर दूध जमनाबाईच्या पाठीवर. ती तशीच ओली उभी राह्यली अन् लेकरू गप. टकमक पाहाले लागलं.

त्या दिवशी मी बायायले घरी पाठवलं अन् खेमसिंगले मशीनसकट अंगणात काढलं. "थंडी वाजन," तो म्हणाला. "घोंगडी घ्या," मी म्हटलं. पुढच्या वेळी लेकरू नुसतं ओठ चाटू लागलं, रडायच्या आधीच त्याले उज्ज्वलाजवळ देल्लं. पदर बाजूले. जमनाबाईनंच तिच्या पाठीमागं गोधडी गुंडाळून ठेवली. मी दाखवलं, तोंड मोठं उघडू दे, नुसतं टोक नको, भोवतीचा काळा भाग बी आत जाऊ दे, हनुवटी टेकू दे. उज्ज्वलानं पहिल्यांदा आपल्या लेकराचं पेणारं तोंड नीट पाह्यलं. चुटुक चुटुक बंद. फक्त गिळण्याचा हलका आवाज. पहिल्या बाजूचं झालं, खांद्यावर घेतलं, मंग दुसरी बाजू. लेकरू त्याच्यानंतर कधीच रडलं नाही असं मी म्हणणार नाही. रडते, लेकरू हाये ते. पण ते डफावानी पोट गेलं. बाटली मांडणीवर गेली अन् जमनाबाईनं तिच्यात मोहरी भरली.

खेमसिंगनंही आपला नेम केला. घरात यायच्या आधी अंगणातूनच एक रिकामी बाटली घेऊन गोटी वाजवायची. आवाज आला की सुनेनं समजायचं, आजा येऊन राह्यला, पदर सावर. आता त पोट्टं बी त्या आवाजाकडे मान वळवते.

अन् ताटाचं? तेच सांगायचं राह्यलं. पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मी वजन कराले गेली त घरात तेलात मसाला परतल्याचा वास. चुलीवर भरल्या वांग्याची भाजी. मानीबाईच्या वाडीतले वांगे, जमनाबाईनं स्वतः मागून आणलेले, स्वतः शिजवलेले. तिनं उज्ज्वलापुढं ताट ठेवलं, ज्वारीची भाकर, भाजी, अन् कोपऱ्यात ठेचा. उज्ज्वलानं हात लावला नाही. मांडीवरच्या लेकराले म्हणाली, "सांग तुह्या आजीले, मी एकटी नाही खात."

जमनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग उठली, आली, सुनेच्याच ताटाशी बसली. भाकरीचा तुकडा मोडला, वांग्यात बुडवला अन् तोंडात टाकला. चावत राह्यली. डोळ्यातून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. दुसरा घास घेतला. मंग तिसरा. उज्ज्वला ताट तिच्याकडे सरकवत गेली अन् ती खात गेली, इतक्या वर्षांची उधारी वसूल केल्यावानी.

अंगणातून टॉक आवाज आला. खेमसिंग आत आला. ताट पाह्यलं, बायको पाह्यली. मी वाट पाहत होती की आता हा काय बोलते, अन् काही वाकडं बोलला त मी तयारच होती. त्यानं एक भरलेली बाटली उघडली, लिंबू पिळलं, मीठ टाकलं अन् जमनाबाईसमोर ठेवली. साऱ्या तालुक्याले पाजली, पण बायकोनं त्याच्या हातचा सोडा कधी पेलाच नव्हता. सवतीचं पाणी म्हणे. त्या दिवशी पेली. जरा थांबली, अन् चांगला दणकून ढेकर देल्ला.

खेमसिंग हसला नाही. पाळण्याजवळ गेला, नातवाकडे तोंड केलं अन् विचारलं, "छोऱ्या, तुह्या आजीले विचार, उद्याच्या बाजारातून वांगे आणू काय?"

जमनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तिनं बी लेकराकडेच पाह्यलं.

"सांग तुह्या आज्याले," ती म्हणाली, "थैली मोठी घेऊन जाय म्हणा."